साभार परत आलेल्या कथेचं पुढे काय करायचं? नागपूर-विदर्भातल्या नवलेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत नव्याने लिहायला लागलेली मंडळी मला हे प्रश्न वर्षभर पाठवत असतात. त्यांत इंजिनिअरिंगची मुलं आहेत, उमरेड-काटोलकडच्या शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. मी स्वतः कथा लिहिते आणि एका दिवाळी अंकाकडे आलेलं साहित्य पहिल्या फेरीत वाचून देते. त्यामुळे पाठवणाऱ्याची तगमग मला ठाऊक आहे आणि परत करणाऱ्याची अडचणही. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळपास त्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. माझी पहिलीच कथा साभार परत आली. मला लिहिता येत नाही असं समजायचं का?

नाही. एक कथा एका अंकाला त्या वर्षी घेता आली नाही, याहून जास्त काही त्या पाकिटात लिहिलेलं नसतं.

श्रावणात आमच्या अंकाकडे काय चाललेलं असतं ते सांगते. संपादकांच्या घरी दिवाणावर तीन ढीग असतात: वाचायचे, पुन्हा वाचायचे आणि परत करायचे. ईमेलवर येणारं वेगळंच. अंकात कथांना जेमतेम आठ-दहा जागा, त्यातल्या निम्म्याहून जास्त आधीच मागवून घेतलेल्या लेखकांसाठी. उरलेल्या तीन-चार जागांसाठी हा सगळा ढीग. मग एखादी कथा उत्तम असूनही बाहेर राहते, कारण आई-मुलीच्या नात्यावरची दुसरी कथा आधीच घेतलेली असते. एखादी लांब असते आणि यंदा जाहिराती कमी आल्या म्हणून पानं कापलेली असतात. एखादी खरोखरच कच्ची असते. बाहेर पडताना तिघींसोबत एकच चिठ्ठी जाते.

तुमची कथा या तिघींपैकी कोणती, हे चिठ्ठीवरून कळत नाही. ती कच्ची असू शकते हेही मान्य करायला हवं. ते ओळखण्याबद्दल प्रश्न ३ मध्ये लिहिलं आहे.

२. दोन महिने झाले, हो नाही की नाही नाही. किती वाट बघायची?

मराठीत बहुतेक नकार असे न बोलताच येतात. तेच सगळ्यात जास्त जाचतात, कारण आशा सुटतही नाही आणि दुसरीकडे पाठवताही येत नाही. म्हणून मुदत तुम्हीच ठरवा. मासिकाला किंवा त्रैमासिकाला तीन महिने द्या, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला सहा आठवडे. दिवाळी अंक गणपती ते नवरात्र या काळात छपाईला जातात. नवरात्र बसेपर्यंत निरोप आला नाही, तर कथा घेतलेली नाही असं धरून चला.

मुदत संपली की दोन ओळी लिहा: ‘अमुक तारखेला अमुक कथा पाठवली होती. ती विचाराधीन आहे का, कृपया कळवावं. पंधरा दिवसांत कळलं नाही तर ती अन्यत्र पाठवेन.’ यात उद्धटपणा काहीच नाही. उलट संपादकाला ते सोयीचं पडतं. एखादा फोन करायलाही हरकत नाही. ओळखीच्या माणसाकरवी चौकशी मात्र करू नका. त्याने संपादक अवघडतो आणि अवघडलेला माणूस पटकन ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

३. नकाराची सगळी पत्रं सारखीच वाटतात. त्यातून काही कळतं का?

छापील ओळीतून काही कळत नाही. ‘आपले साहित्य स्वीकारता येत नाही, क्षमस्व’ यात अर्थ शोधत रात्र घालवू नका.

तुमचं नाव घालून, कथेतल्या एखाद्या प्रसंगाचा उल्लेख करून पत्र आलं, तर कथा शेवटपर्यंत वाचली गेली आहे. ‘पुढचं लेखन जरूर पाठवा’ असं लिहिलं असेल तर ते खरं माना. संपादकाकडे वाचायला आधीच ढीग असतो. तो उगाच शिष्टाचार म्हणून आणखी कागद ओढवून घेत नाही. अशा पत्रानंतर दोन-तीन महिन्यांत नवी कथा पाठवा आणि सोबत त्या पत्राची आठवण द्या. आपल्याकडची किती मुलं हे वाक्य वाचून हिरमुसतात आणि पुन्हा पाठवतच नाहीत! हळहळ वाटते ती याचीच.

काही वेळा नेमकी सूचना येते. काटोलकडच्या एका मुलाची कथा परत करताना संपादकांनी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘कथा तिसऱ्या परिच्छेदात सुरू होते.’ पहिल्या परिच्छेदात मार्चअखेरीचं ऊन होतं, चांगलं लिहिलेलं. दुसऱ्यात गाव होतं: पार, मारुतीचं देऊळ, आटलेली विहीर. तिसरा परिच्छेद असा होता: ‘कळमन्यातून फोन आला तेव्हा बापू ट्रकवरच्या ताडपत्रीची दोरी आवळत होता. संत्र्याचा भाव ऐकला आणि दोरी त्याने तशीच हातात धरून ठेवली.’

पोराला फार लागलं, कारण उन्हाचा परिच्छेद त्याचा सगळ्यात लाडका होता. बरेच दिवस तो हटून बसला. मग दोन्ही परिच्छेद काढून पाहिले. विहीर बापूच्या बायकोच्या बोलण्यात आली, ऊन ट्रकच्या पत्र्याला हात लागला तिथे आलं आणि कथा दोन पानांनी आटपली. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका अंकाने ती छापली. नेमक्या सूचनेचा उपयोग होतो तो असा.

सूचना पटली नाही तर पंधरा दिवस कथा उघडू नका. त्यानंतर आणखी एका वाचकाला दाखवा, शक्यतो ज्याला आधीचा अभिप्राय माहीत नाही त्याला. तोही त्याच जागी अडखळला तर तिथे काहीतरी बिघडलं आहे हे कबूल करा. दुरुस्ती कशी करायची ते तुमच्या मनाने ठरवा.

४. एकच कथा एकाच वेळी तीन-चार अंकांना पाठवली तर?

करू नका. दिवाळी अंक सगळे एकाच सुमाराला बाजारात येतात. एकच कथा दोन अंकांत दिसली तर दोन्ही संपादकांची मान खाली जाते, आणि हे वर्तुळ लहान आहे. वेळ वाया जातो हे खरं. त्यावरचा उपाय म्हणजे एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या कथा फिरत्या ठेवणं.

त्यासाठी एक साधी वही करा. कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, आठवण कधी दिली, काय उत्तर आलं, आणि शेवटचा रकाना ‘पुढचं ठिकाण’. हा शेवटचा रकाना कथा पाठवली त्याच दिवशी भरायचा, उत्तर यायच्या आधी. नकार आल्यावर मन जाग्यावर नसतं. तेव्हा ठरवायला काही उरलेलंच नसावं. नव्या लेखकांना मी देते त्या सल्ल्यांपैकी हा एक सगळ्यात आधी घ्या.

चुकून दोन ठिकाणी गेलीच आणि दोघांनी होकार दिला, तर ज्याचा होकार नंतर आला त्याला त्याच दिवशी फोन करून कथा मागे घ्या.

५. दिवाळी अंकाला कथा कधी पाठवायची?

मे-जूनमध्ये. जुलै चालतो, ऑगस्टमध्ये जागा भरत आलेल्या असतात. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष या अंकांभोवती फिरत आलं आहे. त्यामुळे सगळ्यांची गर्दीही तिथेच होते. वर्षभर निघणाऱ्या मासिकांकडे आणि त्रैमासिकांकडे नवी मंडळी ढुंकून बघत नाहीत. दिवाळीनंतरच्या तीन-चार महिन्यांत त्यांच्याकडे पाठवून बघा. वाचणाऱ्याला तेव्हा जरा उसंत असते.

६. पाठवताना काय सांभाळायचं?

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि वर्डची फाइल पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हं दिसतात, आणि तुम्हाला फोन करून पुन्हा मागवण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नका. हातानेच लिहून पाठवायचं असेल तर कागदाच्या एका बाजूला, समास सोडून, आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवून. कथेच्या शेवटी नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या द्या.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे. ‘माझ्या सर्व मैत्रिणींना ही कथा फार आवडली’ हे वाक्य त्यात नको.

७. नागपुरात राहून लेखक होता येतं का? की पुण्या-मुंबईलाच जावं लागतं?

येतं. महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली, दिग्दर्शिका विजया मेहता यांच्या नजरेत भरली आणि तिथून त्यांचं लेखन मुंबईच्या रंगभूमीवर गेलं.

पण मला त्याहून वेगळं सांगायचं आहे. आपल्याकडचे बरेच जण पुण्या-मुंबईच्या चार-पाच नामांकित अंकांनाच लेखन पाठवतात, तिथून नकार आला की खचतात, आणि घराजवळची दारं कधी वाजवतच नाहीत. झाशी राणी चौकातला विदर्भ साहित्य संघ १९२३ साली स्थापन झाला. त्याचं ‘युगवाणी’ हे नियतकालिक आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा आहेत. तिथल्या कार्यक्रमांना नुसतं श्रोता म्हणून जात राहिलात तरी वर्षभरात तुम्हाला चार चांगले वाचक मिळतात. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. रेडिओची कथा वेगळी लिहावी लागते: दहा मिनिटांत जेमतेम हजार शब्द बसतात, वाक्य ऐकताच कळावं लागतं आणि पात्रं तीनच्या वर गेली की ऐकणारा गोंधळतो. ज्याची कथा ‘पाल्हाळ आहे’ म्हणून परत येते त्याने रेडिओसाठी एक लिहून बघावी. त्यासारखी शिस्त नाही.

संवाद चांगले जमत असतील तर पूर्वेकडे बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत आणि त्यांना दर हंगामाला नव्या संहिता लागतात. तिथे होकार-नकार चिठ्ठीने येत नाही. मांडवात बसलेली हजारो माणसं रात्री दोन वाजता उठून गेली की कळतं नाटकाचा कुठला अंक पडला ते.

आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लागणारे पुस्तकांचे स्टॉल लेखक म्हणून एकदा नीट फिरून बघा. दूरच्या खेड्यांतून आलेली माणसं पिशव्या भरून पुस्तकं घेऊन जातात. छोटे प्रकाशक स्वतः स्टॉलवर उभे असतात. त्यांच्याशी बोला, कोणत्या प्रकारचं पुस्तक कोण छापतं ते बघा. चुकीच्या प्रकाशकाकडे पाठवून ओढवून घेतलेले निम्मे नकार त्याने टळतील.

८. माझी कथा नागपुरी बोलीत आहे. ‘प्रमाण मराठीत लिहा’ म्हणून परत आली. बदलू का?

लगेच नको. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची, वऱ्हाडी बोलीतली, आणि मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं. तेव्हा बोली आहे म्हणून कथा कमी दर्जाची, असं कोणी म्हणत असेल तर ते सोडून द्या आणि कथा दुसऱ्या अंकाला पाठवा.

मात्र पाठवण्याआधी एकदा हे तपासा. माझ्याकडे येणाऱ्या बोलीतल्या कथांत खरी अडचण बहुधा वेगळीच असते. पहिल्या पानावर म्हातारी म्हणते, ‘काहून थांबला बे इथं? घरी तुही माय वाट पाहून राह्यली.’ चौथ्या पानावर तीच म्हणते, ‘तुझी माय वाट पाहून राहिली.’ सातव्या पानावर ‘तुझी आई वाट बघतेय.’ लेखकाने वेगवेगळ्या दिवशी लिहिलेलं असतं, कान कधी घरात असतो तर कधी टीव्हीवर. परक्या वाचकाला मग ही बोली न वाटता अशुद्ध लेखन वाटतं. कथा मोठ्याने वाचा, एक-एक पात्र वेगळं धरून. कोण ‘तुही’ म्हणतं आणि कोण ‘तुझी’, हे एकदा ठरलं की शेवटपर्यंत बदलायचं नाही. नागपूरच्या महाल भागातली बाई, भंडाऱ्याकडून आलेला मजूर आणि धरमपेठेतला वकील एकसारखं बोलत नाहीत.

निवेदनही बोलीत ठेवायचं की फक्त संवाद, हे कथा कोण सांगतंय त्यावर अवलंबून आहे. गावातलाच माणूस सांगत असेल तर बोली त्याच्या तोंडी शोभते. अवघड शब्दांच्या टिपा कथेखाली देऊ नका. शब्द प्रसंगातून कळेल अशी जागा त्याला द्या.

९. घरचे म्हणतात हे सोड, पैसे तर मिळत नाहीत. नोकरी सोडून पूर्णवेळ लिहू का?

नोकरी सोडू नका. हिशेब मांडून दाखवते. पुस्तकाची किंमत २५० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची आणि मानधन छापील किमतीच्या १० टक्के धरलं, तर सगळ्या प्रती विकल्या गेल्यावर लेखकाच्या हाती १२,५०० रुपये येतात, तेही वर्ष-दोन वर्षांत. दिवाळी अंकांचं मानधन सगळीकडे मिळतं असं नाही. काही ठिकाणी नुसता अंक घरी येतो.

घरच्यांचं म्हणणं पैशांपुरतं बरोबर आहे, ते मान्य करून टाका. मग रोजचा एक तास मागा. पैशांसाठी भांडण्यापेक्षा तासासाठी भांडलेलं बरं, आणि तो तास मिळाला तर पुरतो. पोट नोकरीवर चालत असेल तर नकार नुसता नकार राहतो. घरभाडं त्यावर अडून बसलं तर प्रत्येक चिठ्ठी जिवावर येते आणि माणूस भीतीपोटी भलतंसलतं लिहायला लागतो.

१०. कविता सगळ्यांना आवडतात, छापत मात्र कोणी नाही.

एकेक कविता पाठवू नका. चार-पाच एकत्र पाठवा, सगळ्या एकाच सुराच्या नकोत. ज्या अंकाला पाठवता त्याचे मागचे दोन अंक वाचा: मुक्तछंद छापतात की गझलही घेतात ते तिथेच कळतं. कविसंमेलनात टाळ्या घेणारी कविता कागदावर बऱ्याचदा उभी राहत नाही. आवाजाशिवाय, अनोळखी माणसाने मनातल्या मनात वाचली तर काय उरतं, ते बघून निवड करा.

११. किती नकारांनंतर एखादी कथा बाजूला ठेवावी?

आकडा सांगता येणार नाही, खूण सांगते. कथा परत आली की ती पुन्हा वाचा. वाचताना तुम्हाला स्वतःला काही दुरुस्त करावंसं वाटलं तर दुरुस्त करून पाठवा. काहीच बदलावंसं वाटलं नाही आणि वाचताना रमलात, तर तशीच पुढच्या ठिकाणी जाऊ द्या. वाचायचाच कंटाळा आला तर ठेवून द्या.

ठेवून द्या म्हणजे फाडू नका. वर्ष-दोन वर्षांनी त्याच कथेतलं एखादं पात्र दुसऱ्या कथेत जाऊन बसतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

१२. नकारांमुळे लिहिणंच थांबलंय. काय करू?

काही दिवस पाठवणं बंद करा, लिहिणं नको. या दोन गोष्टी मनात एकत्र चिकटल्या की प्रत्येक वाक्य लिहिताना डोळ्यांसमोर संपादक येतो. छापण्याचा हेतूच नसलेलं काहीतरी लिहा: आजीने सांगितलेली हकिगत, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीतली बोलाचाली, रामझुल्यावरून दिसणाऱ्या रेल्वेच्या फलाटावरचा एक तास.

दुसरं, एखादा माणूस शोधा जो स्वतःही लिहितो. आठवड्यातून एकदा एकमेकांना दोन पानं वाचून दाखवा. कौतुकच करायचं असं आधी ठरवू नका. ‘इथे कळलं नाही, इथे पुढे काय होणार असं वाटलं’ एवढंच सांगायचं. एकट्याने नकार पचवणं अवघड आहे, आणि ते एकट्यानेच पचवावं असा काही दंडकही नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सगळ्यातूनच मन उठलं असेल, तर विषय लेखनाच्या पुढे गेला आहे. घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

१३. सगळीकडून नकार आला. आता एक प्रकाशक म्हणतो, पैसे भरा, पुस्तक काढतो. काढू का?

घाई करू नका. दमलेल्या लेखकाकडे असा प्रस्ताव नेमक्या वेळी येतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, पण आपण कशाचे पैसे देतोय ते स्पष्ट हवं: किती प्रती छापणार, त्यातल्या तुम्हाला किती, विक्री कोण करणार, उरलेल्या प्रती कोणाच्या घरी येणार. हे लेखी द्यायला जो तयार नाही त्याला नमस्कार करून या.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) मिळवून देतो म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर लक्षात ठेवा, तो क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत मोफत मिळतो आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. करारावर सही करण्याआधी हक्क किती वर्षांसाठी देताय ते वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

त्याआधी आणखी एक दार आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं. त्याची जाहिरात वर्तमानपत्रांत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर येते. पहिलं पुस्तक स्वखर्चाने काढून मोकळं झालात, तर ‘पहिलं पुस्तक’ ही पात्रता गेली. म्हणून क्रम सांभाळा.

१४. एका अंकाने कथा परत केली आणि नंतर तशीच कथा दुसऱ्याच्या नावाने दिसली.

आधी दोन्ही शेजारी ठेवून शांतपणे वाचा. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. कायदा तुमच्या शब्दांना, मांडणीला संरक्षण देतो. कर्जात बुडालेला शेतकरी आणि शहरातून परतलेला मुलगा या विषयावर एकाच वर्षी दहा जण लिहू शकतात, लिहितातही. वाक्यं, प्रसंगांचा क्रम, संवाद जुळत असतील तर मात्र गप्प बसू नका. संपादकांना लेखी कळवा, सोबत पाठवल्याच्या तारखेचा ईमेल जोडा.

कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्याक्षणी तो तुमचा असतो. पण पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक कथा ईमेलने पाठवण्याची सवय आणि प्रश्न ४ मधली वही या दोन्ही गोष्टी कामाला येतात.

१५. फेसबुकवर टाकलेली कविता किंवा कथा अंकाला पाठवता येते का?

बहुतेक अंक ‘पूर्वप्रकाशित नसावं’ असं म्हणतात आणि फेसबुकवरचं लेखन त्यांच्या लेखी प्रकाशितच असतं. पाठवायचीच असेल तर पत्रात तसं सांगा. नंतर काढून टाकली तरी कोणीतरी ती व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलेली असते. जे छापून यावं असं मनापासून वाटतं, ते आधी तिथे टाकू नका.

१६. कथा स्वीकारल्याचं पत्र आलं, पण दोन वर्षं झाली, छापलीच नाही. याला होकार म्हणायचा की नकार?

सगळ्यात त्रासदायक प्रकार हाच. अंक बंद पडतो, संपादक बदलतात, जुन्या संपादकाने घेतलेलं साहित्य नव्याला नको असतं. पहिला अंक चुकला तर एकदा विचारा. वर्षभरात छापली नाही तर पत्र लिहून मागे घ्या: ‘अमुक तारखेला स्वीकारलेली कथा अद्याप प्रसिद्ध झालेली नाही. ती मी परत घेत आहे, कृपया यापुढे छापू नये.’ हे पत्र गेल्याशिवाय दुसरीकडे पाठवू नका, नाहीतर प्रश्न ४ मधला घोळ होतो. मानधन आगाऊ घेतलं असेल तर ते परत करण्याची तयारी दाखवा.

१७. आडनाव बघून, गाव बघून नकार देतात का? खरं सांगा.

होय, असं घडलेलं आहे. मराठी साहित्याचा इतिहास बघितला तर कुणाचं जगणं साहित्यात यायचं आणि कुणाचं नाही, यावरच मोठी भांडणं झाली. त्यातूनच साठच्या दशकात लघुनियतकालिकं, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेरच्या लेखकांनी काढलेले छोटे अंक, उभी राहिली, आणि नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवून कित्येक दलित लेखकांना पहिली जागा दिली.

तुमच्या एखाद्या कथेला आलेला नकार त्याच कारणाने आला की दुसऱ्या, हे एका पत्रावरून सिद्ध करता येत नाही. पण एकाच ठिकाणाहून ‘हा विषय आमच्या वाचकांचा नाही’ असं पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल तर ते ठिकाण यादीतून काढून टाका. आपली कथा त्यांना रुचेल अशी सोवळी करत बसू नका. असे नकार पुष्कळ ऐकलेली माणसं आजही अंक काढतात, त्यांना शोधा. दीक्षाभूमीवरचे स्टॉल (प्रश्न ७) ही त्याची चांगली सुरुवात आहे.

१८. साठी उलटली. आता सुरुवात केली तर कोण छापणार?

कथेवर वय छापलेलं नसतं. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला ३५ वर्षांची अट आहे, तेवढा सोडून द्या. बाकी वाट सगळ्यांना सारखीच. एक सूचना मात्र आवर्जून: ‘आमच्या काळी’ने सुरू होणारे लेख अंकांकडे फार येतात. तुमच्या खात्यातलं, कारखान्यातलं, शाळेतलं काम नेमकं कसं चालायचं, कुठली फाइल कुठे अडायची, ते लिहा. तसं लिहिणारे फार थोडे आहेत.

१९. वडिलांच्या कथा आयुष्यभर परत येत राहिल्या. ते आता नाहीत. वही माझ्याकडे आहे. मी पाठवू शकते का?

हो. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो वारसांकडे येतो. म्हणजे एकट्या तुमच्याकडे नाही. आई, भावंडं असतील तर सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या. छापून आल्यावर उठणारे वाद कडवट असतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्या मुलाने जपून ठेवल्या म्हणून आणि आचार्य अत्र्यांनी त्यांचं मोल ओळखलं म्हणून.

टाइप करताना शुद्धलेखनापलीकडे हात लावू नका. वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी अंदाजाने शब्द घालू नका, कंस करून मोकळा सोडा. मूळ वहीची पानं स्कॅन करून ठेवा. अगदी सगळी वही एकदम पाठवू नका. त्यातली तुम्हाला सगळ्यात जिवंत वाटणारी एक कथा निवडा. पत्रात लेखक हयात नाहीत हे पहिल्याच ओळीत लिहा, कथेखाली नाव वडिलांचंच राहू द्या, आणि मानधनाचा धनादेश कोणाच्या नावे काढायचा तेही त्याच पत्रात कळवा.